‘थ्रिलर’ नक्की कुणी बनवला? एका वाजवणाऱ्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: मायकल जॅक्सनला धड एक वाद्य वाजवता यायचं नाही, नोटेशन वाचता यायचं नाही, मग त्याच्या ‘थ्रिलर’ अल्बमचं खरं श्रेय प्रोड्युसर क्विन्सी जोन्स आणि त्या स्टुडिओतल्या वाजवणाऱ्यांचंच ना? आणि तसं असेल तर त्यांची नावं कुणाला माहीत का नाहीत?

मी मुंबईत सेशनला, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला, गिटार वाजवतो, पोट त्याच्यावरच आहे, त्यामुळे “हो हो, सगळं वाजवणाऱ्यांनीच केलं” असं म्हणायला मला आवडेलच की. पण तसं म्हणता येत नाही. कोणी काय वाजवलं ही निम्मीच गोष्ट असते. कोणाला बोलवायचं, त्याने वाजवलेल्यातलं काय ठेवायचं, काय काढून टाकायचं आणि कुठल्या गोष्टीवर अडून बसायचं हे कोण ठरवत होतं ते बघायला लागतं. ‘थ्रिलर’ त्यासाठी झकास उदाहरण आहे कारण त्या गाण्यांवर काम केलेल्या लोकांनी स्वतःच भरपूर हकिगती सांगून ठेवल्यात.

सुरुवात क्विन्सीपासून. हा माणूस मूळचा ट्रम्पेटवाला आणि अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारा, जाझवाला काउंट बेसी आणि गायक सिनात्रासाठी काम केलेला, पॅरिसला संगीत शिकवणाऱ्या नादिया बूलांजेकडे शिकलेला. मायकलची आणि त्याची गाठ पडली ‘द विझ’ या पिक्चरच्या वेळी, तो आला १९७८ मध्ये. मायकलला सोलो अल्बमसाठी तोच हवा होता आणि रेकॉर्ड कंपनी म्हणत होती की हा फार जाझवाला आहे, याला डिस्कोच्या जमान्यात काय जमणार. मायकल आणि त्याचे मॅनेजर हटले नाहीत. म्हणजे बघा, ज्या माणसाला सगळं श्रेय द्यायचं म्हणताय त्याला खुर्चीत बसवणाराच मायकल होता, आणि तेव्हा तो विशीचा पोरगा.

पण एकदा क्विन्सी आला की त्याची सगळी माणसं आली. १९७९ च्या ‘ऑफ द वॉल’ अल्बमपासून ही फौज दिसते. कीबोर्डवर ग्रेग फिलिंगेन्स, हा आधी स्टीव्ही वंडरच्या बँडमध्ये होता. बेसवर लुई जॉन्सन, पर्कशनला ब्राझीलचा पाउलिन्यो दा कोस्टा, ब्रासला, म्हणजे ट्रम्पेट वगैरेला, जेरी हे आणि त्याची मंडळी, इंजिनिअर ब्रूस स्वीडन. आणि गाणी लिहायला रॉड टेम्परटन. हा इंग्लंडचा, एके काळी ग्रिम्सबीला फ्रोझन माशांच्या कारखान्यात कामाला होता, मग हीटवेव्ह नावाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागला. त्याच्याकडून गाणी मागवली, त्याला वाटलं तीन नेली तर एखादं घेतील, आणि यांनी तिन्ही ठेवली. त्यातलं एक ‘रॉक विथ यू’. त्याच्या सुरुवातीला ड्रमची जी छोटीशी फिल येते ती जॉन रॉबिन्सनची, आजही कुठल्याही ड्रमरला “रॉबिन्सनसारखी मार” म्हटलं की तो हीच मारतो.

आता ‘थ्रिलर’. एप्रिल ते नोव्हेंबर १९८२, लॉस एंजेलिसचा वेस्टलेक स्टुडिओ. जुनी फौज होतीच, तिच्यात टोटो बँडची पोरं आली: गिटारवर स्टीव्ह ल्युकथर, ड्रम्सवर जेफ पोरकारो, कीबोर्डवर डेव्हिड पेच आणि जेफचा भाऊ स्टीव्ह पोरकारो. ही नावं बँड म्हणून तुम्हाला माहीत असतील पण त्यांचं खरं काम सेशनचंच होतं, आज याच्याकडे उद्या त्याच्याकडे. त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा ‘टोटो ४’ आला आणि १९८३ चं अल्बम ऑफ द इयर ग्रॅमी घेऊन गेला, पुढच्या वर्षी तेच बक्षीस ‘थ्रिलर’ला. दोन्ही वर्षी वाजवणारे हात बऱ्यापैकी तेच.

त्यातलं ‘बिली जीन’ हे गाणं जरा नीट बघू, कारण सगळा मुद्दा त्याच्यात आहे. पहिली दोन बार्स, म्हणजे ठेक्याची दोन आवर्तनं, नुसते ड्रम्स. किक, स्नेअर, हायहॅट, बाकी काही नाही. वाजवणारा लिऑन ‘एंडुगू’ चान्सलर, जाझमध्ये मुरलेला, हर्बी हॅन्कॉक आणि सान्ताना यांच्यासोबत वाजवलेला माणूस. त्याच्या हातात काय काय असेल विचार करा, आणि इथे तो जवळजवळ पूर्ण गाणं एकही दाखवायची गोष्ट न करता तोच ठेका धरून बसतो. लुई जॉन्सनचंही तेच. त्याचं टोपणनाव ‘थंडर थम्ब्स’, अंगठ्याने तार आपटून वाजवायच्या स्टाइलचा बादशहा, आणि त्याला इथे मिळालं काय तर फ शार्प मायनरमधली एक साधी आठ स्वरांची लाइन, सरळ चालीत, न थांबता. विराट कोहलीला सांगायचं की आज दिवसभर फक्त सिंगल काढायचे, तसं. पण ती लाइन सारखी ऐकूनही कंटाळा येत नाही, कारण प्रत्येक स्वर किती लांब धरायचा आणि कुठे तोडायचा हे त्या हाताला कळतं. आमच्या धंद्यात जास्त वाजवायला येणारे पायलीला पन्नास मिळतात, कमी वाजवून ते वजनदार ठेवणारा शोधावा लागतो.

बरं, ही लाइन कुणाची? मायकलची. जॉन्सनने सांगितलंय की मायकलने त्याला त्याच्या सगळ्या गिटार आणायला लावल्या, तीनचार बेसवर तेच वाजवून घेतलं आणि शेवटी यामाहावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे ज्याला स्वतःला बेस वाजवता येत नव्हता त्या माणसाला कुठल्या बेसचा आवाज पाहिजे हे नक्की माहीत होतं. गाण्याची लांबलचक सुरुवात, आवाज यायला जवळपास अर्धा मिनिट लागतो, ती क्विन्सीला नको होती. मायकलचं म्हणणं की हेच ऐकून मला नाचावंसं वाटतं. आता नाचणाऱ्याने असं सांगितल्यावर अरेंजर काय बोलणार! सुरुवात राहिली.

पण क्विन्सीच्या कल्पनाही त्यात आहेत. लिरिकॉन नावाचं फुंकून वाजवायचं एक इलेक्ट्रॉनिक वाद्य तेव्हा निघालं होतं, ते टॉम स्कॉटकडून वाजवून घ्यायची कल्पना त्याची. तुम्हाला वाटेल गाण्यात असं काही नाहीच, पण आहे, मागे मागे हळूच येतं. स्ट्रिंग्जची अरेंजमेंट जेरी हेची. आणि ड्रम्सचा तो आवाज ब्रूस स्वीडनचा. त्याने ड्रम्ससाठी लाकडाचा खास प्लॅटफॉर्म बनवून घेतला, किकला चेन लावलेलं एक जाड कव्हर शिवून घेतलं, ज्याची चेन माइकपुरती उघडायची, आणि स्नेअर आणि हायहॅटच्या मध्ये एक सपाट फळी ठेवली म्हणजे याचा आवाज त्याच्या माइकमध्ये जायला नको. त्याचं म्हणणं होतं की हे गाणं नुसत्या पहिल्या दोनतीन ठोक्यांवरून ओळखू आलं पाहिजे. आज तुम्ही नुसते दोन बार लावा, रिक्षावाला पण सांगेल कुठलं गाणं.

मिक्सिंगची, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवायची, हकिगत तर स्टुडिओत आम्ही एकमेकांना सांगतच असतो. स्वीडनने मिक्स करत करत ९१ नंबरपर्यंत मजल मारली, सगळे खूष, आणि क्विन्सी म्हणाला जरा मिक्स नंबर दोन ऐकव बरं. ऐकला, आणि तोच फायनल झाला. क्लायंट सतरा वेळा बदल सांगून पहिल्याच व्हर्जनवर येतो तेव्हा मला ही गोष्ट आठवून जरा बरं वाटतं.

आता मायकलच्या ‘वाद्य येत नाही’ या मुद्द्याकडे. त्याचं वाद्य तोंड होतं. ‘बीट इट’चा त्याचा डेमो ऐकायला मिळतो, त्यात एकही वाद्य नाही, वेगवेगळ्या आवाजांच्या थरांवर थर चढवून अख्खं गाणं उभं केलंय. त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात की कॉर्ड पाहिजे असेल तर तो त्यातला एकेक स्वर गाऊन दाखवायचा, ड्रम्स तोंडाने करायचा, ब्रास कुठे मारायचा ते तोंडाने. आमच्याकडेही असे संगीतकार झाले की ज्यांना नोटेशन येत नव्हतं, पेटीवर चाल बांधून “इथे ढँग्-ढँग् असं काहीतरी” म्हणायचे आणि अरेंजर ते कागदावर उतरवायचे. त्यांना आपण संगीतकारच म्हणतो ना?

आणि गायला यायचा तो पूर्ण तयारीने. स्वीडन सांगायचा की रेकॉर्डिंगच्या आधी गुरू सेथ रिग्ज यांच्याबरोबर तासभर तरी गळा तापवून मग माइकसमोर, शब्द पाठ, हातात कागद नाही, आणि स्टुडिओत अंधार. गाताना अंगात नाच असायचा, पायांचे आणि चुटक्यांचे आवाज टेपवर यायचे, आणि दुसऱ्या कुठल्याही इंजिनिअरने ते साफ केले असते पण स्वीडनने मुद्दाम ठेवले. ‘बिली जीन’च्या काही ओव्हरडबला, म्हणजे नंतर वरून चढवलेल्या आवाजांना, तर त्याला पुठ्ठ्याच्या लांब नळीतून गायला लावलं. असल्या गोष्टी करायला गाणारा आणि इंजिनिअर दोघंही थोडे वेडे लागतात, एकटा असून चालत नाही.

मग ‘बीट इट’. क्विन्सीला रॉक गाणं पाहिजे होतं, मायकलने लिहिलं, सोलोसाठी व्हॅन हेलन या रॉक बँडच्या गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनला फोन गेला. एडीला आधी वाटलं कुणीतरी टवाळकी करतंय. मग आला, बँडमधले बाकीचे गावात नव्हते, यांना कोण सांगणार म्हणून वाजवून टाकलं, पैसे एक छदाम घेतला नाही. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची माहीत नसते आणि मला तीच जास्त भारी वाटते.

एडीला ज्या भागावर सोलो वाजवायचा होता तो पटला नाही, म्हणून त्याने इंजिनिअरला सांगून टेप कापून भागांची जागा बदलून घेतली. तेव्हा २४ ट्रॅकच्या दोन मशिन एकमेकांना एका टाइम कोडने बांधलेल्या असायच्या, टेप कापली की तो कोड गेला, दोन्ही मशिन एकत्र चालेनात. मायकलचं फायनल गाणं आणि एडीचा सोलो आहे, पण त्याखालचं सगळं हातातून गेलं. मग जेफ पोरकारो आणि ल्युकथरला बोलावलं. ल्युकथरने ही गोष्ट बऱ्याच वेळा सांगितलीय. जेफने नुसता मायकलचा आवाज ऐकत ऐकत काठ्यांनी क्लिक ट्रॅक, म्हणजे लय धरायला नुसत्या ठोक्यांचा ट्रॅक, बनवला, मग त्याच्यावर ड्रम्स वाजवले, मग ल्युकथरने बेस आणि गिटार. म्हणजे इमारतीचा वरचा मजला आधी तयार आणि पाया नंतर भरला. ज्याने कधी आधीच गायलेल्या, लय किंचित मागेपुढे होणाऱ्या आवाजाखाली वाजवायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा हे किती अवघड आहे. आणि रेकॉर्ड ऐकताना हे कुठेही जाणवत नाही, उलट वाटतं सगळे एकाच खोलीत एकाच वेळी वाजवतायत.

त्यात अजून गंमत. ल्युकथरने जोशात मोठमोठ्या मार्शल अँपवर गिटारच्या भिंतीच्या भिंती उभ्या केल्या. क्विन्सीचा निरोप आला की फार जड झालं, एवढं जड रेडिओवर चालणार नाही, एडी आधीच आहे ना त्यात. मग छोटा फेंडर अँप काढून पुन्हा वाजवलं. बघा, निर्णय परत कमी करण्याचाच. आणि त्या गाण्यात वाजवणाऱ्यांच्या नावांत मायकलच्या नावापुढे छापलंय ‘ड्रम केस बीटर’, म्हणजे ड्रमची पेटी बडवणारा. वाद्य येत नव्हतं म्हणे.

‘ह्यूमन नेचर’ तर निव्वळ योगायोगाने आलं. डेव्हिड पेचने क्विन्सीला स्वतःच्या गाण्यांची कॅसेट पाठवली, आणि ती होती स्टीव्ह पोरकारोची वापरलेली कॅसेट, दुसऱ्या बाजूला स्टीव्हचं एक अर्धवट गाणं तसंच राहिलेलं. कॅसेट पुढे चालत राहिली आणि क्विन्सीला पेचची गाणी राहिली बाजूला, ते अर्धवटच आवडलं. स्टीव्हची छोटी मुलगी शाळेतून रडत आलेली, एका मुलाने तिला घसरगुंडीवरून ढकललं होतं, तिची समजूत घालता घालता “ह्यूमन नेचर असतं बाळा” असं म्हणाला त्यातून ते निघालेलं. शब्द पुरे केले जॉन बेटिसने. तीन वर्षांनी जाझमधला दिग्गज ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसने तेच गाणं स्वतःच्या अल्बमवर वाजवलं. आमच्या जातीच्या माणसाला याहून मोठी पदवी नाही.

टेम्परटनचं ‘थ्रिलर’ गाणं तुम्हाला माहीतच आहे, एवढंच सांगतो की आधी त्याचं नाव ‘स्टारलाइट’ होतं, आणि व्हिन्सेंट प्राइसचं ते भुताटकीचं बोलणं टेम्परटनने स्टुडिओला जाताना टॅक्सीत लिहिलं. प्राइसने दोन टेकमध्ये उरकलं. जुन्या नटांची ही शिस्त वेगळीच.

सगळं झालं आणि शेवटी प्लेबॅक ऐकला तर आवाज बेकार. कारण साधं होतं, एलपीच्या एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं कोंबाल तितक्या खाचा बारीक कराव्या लागतात, आणि बारीक खाच म्हणजे बेस गेला, जोर गेला. कंपनी रेकॉर्ड मागत होती, क्विन्सीने दिली नाही. गाणी कापली, ‘बिली जीन’ची ती लाडकी सुरुवातसुद्धा थोडी छाटली गेली, ‘द लेडी इन माय लाइफ’चं कडवं गेलं, आणि रोज एक गाणं असं पुन्हा मिक्स केलं. नऊ गाणी, त्यातली सात सिंगल म्हणून आली आणि सातही अमेरिकेत पहिल्या दहात. ही शेवटची छाटणी झाली नसती तर गाणी तीच असती, पण डान्स फ्लोअरवर ती अशी आपटली नसती, असं मला वाटतं.

आता पैशांचं. गाणं लिहिणाऱ्याला रॉयल्टी, वाजवणाऱ्याला सेशनचे पैसे, हा तिथला हिशेब. युनियनने तीन तासांच्या सेशनचा दर ठरवलेला असतो, मोठी नावं दुप्पट घेतात, पण रेकॉर्ड एक खपली काय नि कोटींनी खपल्या काय, वाजवणाऱ्याच्या खिशात जवळपास तेवढेच. म्हणून स्टीव्ह पोरकारोला ती कॅसेट आयुष्यभर पुरली आणि ‘बिली जीन’चा ठेका धरणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले. हे बरोबर आहे का? मला नाही वाटत, पण जगभर असंच आहे. खुद्द क्विन्सीला मायकल गेल्यानंतर त्याच्या इस्टेटवर कोर्टात जावं लागलं, २०१७ ला ज्यूरीने ९४ लाख डॉलर दिले आणि २०२० ला अपील कोर्टाने त्यातले बरेचसे काढून घेतले. आणि ‘वॉना बी स्टार्टिन समथिंग’च्या शेवटी जे “मामासे मामासा” येतं ते कॅमेरूनच्या मनु दिबांगोच्या गाण्यावरून घेतलेलं, त्यालाही भांडावंच लागलं, मग कोर्टाबाहेर मिटलं.

नावं माहीत का नाहीत, याचं उत्तर तिथलं वेगळं आणि आपल्याकडचं वेगळं. ‘थ्रिलर’च्या आतल्या कव्हरवर प्रत्येक गाण्याखाली कोणी काय वाजवलं ते छापलेलं होतं, ज्याला बघायचं त्याने बघावं. आता लोक फोनवर ऐकतात, कव्हरच नाही तर नावं कुठून दिसणार. आपल्याकडे मात्र छापायचेच नाहीत. हिंदी पिक्चरच्या गाण्यांत गोव्याच्या आणि इतरही वादकांनी आणि अरेंजर लोकांनी किती काम केलंय, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, ‘रूप तेरा मस्ताना’चं ते अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं, पंचमदांचे असिस्टंट आमचे मारुतीराव कीर. रेकॉर्डवर यांचं नाव शोधून दाखवा. गोन्साल्विस मास्तर माजोर्ड्याचे, प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७ मध्ये एका गाण्यात गुरूचं नाव घातलं, अख्ख्या देशाने ते गाणं म्हटलं, अमिताभने त्यावर धुमाकूळ घातला, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना अजून वाटतं की ते पिक्चरमधल्या कॅरेक्टरचं नुसतं गमतीशीर नाव आहे.

क्विन्सीची साथ सुटल्यावर मायकल संपला का, असंही लोक विचारतात. ‘बॅड’ हा १९८७ चा, दोघांचा शेवटचा, त्यातली अकरातली नऊ गाणी मायकलची, तोपर्यंत त्याने घरच्या स्टुडिओत स्वतःची वेगळी माणसं जमवलेली. १९९१ च्या ‘डेंजरस’ला प्रोड्युसर म्हणून टेडी रायली आणि बिल बॉट्रेल. चांगलं काम आहे, काही गाणी तर मला ‘थ्रिलर’पेक्षा जास्त आवडतात, पण “हे नको, काढ” असं त्याला तोंडावर सांगणारा माणूस खोलीत उरला नव्हता हे ऐकू येतं, गाणी लांबत जातात. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला त्याचा शो झाला तेव्हा ड्रम्सवर जोनाथन मॉफेट होता, आणि त्याने ‘बिली जीन’ला चान्सलरचा ठेका तसाच वाजवला, त्यात स्वतःचं काही घालायच्या फंदात पडला नाही. चांगल्या सेशनवाल्याला हे सांगावं लागत नाही.

ऐकायचंच असेल तर हेडफोन लावून ‘बिली जीन’ घ्या आणि मायकलकडे पूर्ण दुर्लक्ष करून डेव्हिड विल्यम्सच्या गिटारच्या मागे जा. दुसऱ्या कोरसनंतर गाणं जरा मोकळं होतं तिथे तो एकटा पुढे येतो, तार तळव्याने अर्धवट दाबून एकेक स्वर टिपतो, पूर्ण कॉर्ड कुठेच नाही. मी शिकवतो त्या पोरांना हाच तुकडा देतो. पहिल्या दिवशी सगळे म्हणतात सर हे तर सोप्पंय, मग मी मेट्रोनोम ११७ वर लावतो आणि पाच मिनिटं न थांबता वाजवायला सांगतो.